बुडाखालचा कापूस

मुनेश्वर मॅडम कुठेही बसण्याआधी वर बघायच्या. खुर्ची कशी आहे, शेजारी कोण आहे, हे नंतर. आधी छत, मग पंखा, मग भिंतीवर काही टांगलेलं असेल तर ते, आणि सगळं मनासारखं असलं तर बसायचं. आमच्या दारव्ह्याच्या शाळेत त्या फिजिक्स शिकवायला रुजू झाल्या त्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरल्या, वर पाहिलं आणि कोणाला नमस्कार करायच्या आधी मला म्हणाल्या, "सर, तुमी पंख्याच्या बरोबर खाली बसून राह्यले."

मी मराठीचा मास्तर. यवतमाळ जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पंख्याच्या बरोबर खाली जागा मिळणं ही मला नोकरीत मिळालेली एकमेव बढती होती, आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, हा पंखा माझ्या आधीपासून इथं आहे. कधी पडला नाही."

"पडला नाही म्हणजे पडणार नाही असं नसते सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "अजून पडायचा हाय, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची दोन हात सरकवून बसू लागलो. पटलं म्हणून नव्हे, डोक्यावर नजर ठेवून चहा पिता येईना म्हणून. पंखा अजून तिथंच गरगरतो आहे आणि त्याच्याखाली आता हेडमास्तर बसतात.

मॅडम अंगानं किडकिडीत, आवाजानं मात्र खणखणीत. पर्समध्ये पावडर-कंगवा असेल नसेल, पण खाली टाकायला काहीतरी हमखास असायचं. गोटी, लिंबू, खोडरबर, एकदा तर बाजारातून घेतलेलं कवठ. वरच्या गॅलरीतून पोरं वस्तू सोडायची आणि खाली मैदानात दुसरी पोरं उभी राहून आधी कोण पोचलं ते ओरडून सांगायची. मॅडम स्वतः मात्र कठड्याजवळ कधी जायच्या नाहीत. गॅलरीच्या भिंतीला पाठ टेकवून "सोड!" एवढंच म्हणायच्या. फळ्याच्या वरच्या भागावर लिहायचं तर स्टुलावर चढावं लागे, म्हणून त्यांच्या फळ्याचा वरचा भाग वर्षभर कोरा राहायचा. मी एकदा चिडवलं, की गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्यांनीच उंचीला भ्यावं म्हणजे काय! त्या म्हणाल्या, "उंचीले मी भेत नाही सर. उंची काय करते बिचारी? मी खालच्या जमिनीले भेते."

अकरावीच्या पहिल्या तासाला त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. एक किलो लोखंड आणि एक किलो कापूस, वरून सोडलं तर आधी काय पडेल? आमची पोरं कापसात जन्मलेली, घरात छतापर्यंत कापूस रचलेला असतो तेव्हा त्यात उड्या मारून मोठी झालेली. कापूस हलका, मऊ आणि आपला, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. सगळा वर्ग एका सुरात "लोखंड!" म्हणायचा. मग मॅडम दोन सारखे डबे काढायच्या. एकात ठासून कापूस, दुसऱ्यात खिळे. पोरं गॅलरीतून दोन्ही एकदम सोडायची आणि खालून एकच आवाज यायचा. "पृथ्वी जात पाहत नाही पोट्टेहो," मॅडम म्हणायच्या, "लोखंड असो का कापूस, सगळ्यायले सारखंच ओढते."

मला आधी वाटलं, शिकवायची हौस दांडगी आहे बाईंना. पुढे दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि हा सारा खटाटोप एकाच माणसासाठी चालला आहे हे माझ्या ध्यानात आलं. तो माणूस वर्गात नव्हताच. तो वर्गाच्या खिडकीबाहेरून जायचा.

मिलिंददादा हा मॅडमचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानं दहावीनंतर शाळा सोडली, कापसाच्या गाड्यांवर काम धरलं आणि बहिणीला शिकवलं. आता त्याची स्वतःची मेटॅडोर होती आणि ती चालवायला ड्रायव्हर. पण गाडी भरायचं काम तो दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही. कापसाची गाडी भरणं हे आमच्याकडे बघण्यासारखं काम आहे. कडेला बांबू उभे करतात, त्यांना गोणपाटाचं टाट बांधतात, आणि आत एक माणूस कापूस पायांनी दाबत राहतो. कापूस वर येतो तसा माणूसही वर येतो. शेवटी टपाच्याही कितीतरी वर ढीग जातो, त्याच्यावरून दोर आवळतात आणि ज्यानं दाबला तोच माथ्यावर बसून जिनिंगच्या कारखान्यापर्यंत जातो. हातात लांब बांबू. रस्त्यात विजेची तार लोंबत असली की ती बांबूनं उचलून धरायची आणि गाडी खालून जाऊ द्यायची. हे ऐकून बाहेरगावचा माणूस आम्हाला वेड्यात काढतो. आमच्याकडे तो मान असतो.

आमचा अकरावीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. मॅडम फळ्यावर मुक्त पतनाची आकृती काढत असायच्या आणि नेमका तेव्हाच मिलिंददादा खिडकीच्या उंचीवरून, दुपट्टा डोक्याला गुंडाळून, एका कुशीवर लोळत, राजासारखा निघून जायचा. जाता जाता वर्गाला हात करायचा. सगळा वर्ग त्याला हात करायचा. मॅडमच्या हातातला खडू तुटायचा. मराठी शिकवताना उदाहरण शोधायला माझा जीव मेटाकुटीला येतो. यांचं उदाहरण रोज आपणहून खिडकीत यायचं आणि बाईंचा चेहरा पांढरा पडायचा.

कारण त्यांनी वामनला पाहिलं होतं. वामन हा दादाचा जोडीदार, दुसऱ्या एका गाडीवर माथ्याला बसणारा. गाडीपुढे शेळी आली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, गाडी थांबली आणि वामन थांबला नाही. तेव्हापासून तो घराच्या ओट्यावर बसून असतो. कंबरेखाली काही कळत नाही. दादा दर रविवारी त्याच्यासाठी जिलेबी घेऊन जायचा, तास-दोन तास हसवून यायचा आणि सोमवारी पुन्हा कापसाच्या माथ्यावर चढायचा.

"वामनचं नशीब खराब होतं सर," दादा मला एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला. "नाही तं कापसावरून पडून काही होते काय? गादीवर बसल्यासारखं तं राहते."

ही आमच्या भागातली पक्की समजूत. लोखंडाच्या गाडीवर कोणी बसणार नाही, विटांच्या गाडीवर जरा जपून बसेल, पण कापसाच्या गाडीवर माणूस झोपतोसुद्धा. मऊ आहे ना! यावर मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं आणि ते त्या जेवताना, भांडी विसळताना, दादा दाढी करत असताना, कधीही त्याच्यावर फेकायच्या: "दादा, कापूस बुडाखाली असून कामाचा नाही. जमिनीवर पाहिजे."

"मंग काय सडकेवर गादी हातरू?"

"नाही. गादीवर चढू नोको."

"मंग तारा कोण उचलन?"

"गाडी कमी भर. तार आपोआप वर जाते."

यावर दादा हसत सुटायचा. कमी भरलेली गाडी त्याला अर्ध्या मिशीसारखी वाटायची.

मॅडमनी मला सगळा हिशेब समजावून सांगितला होता. "वरून खाली यायले एक सेकंद बी लागत नाही सर. अन् खाली पोचते तवा स्पीड राहते ताशी चौतीस. म्हणजे तुमची स्कूटर चौतीसनं भिंतीवर घाला. घालसान?" मी म्हणालो, माझी स्कूटर चौतीसला जात नाही. त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं पाहिलं. दादावर हे आकडे वाया जायचे. म्हणून त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं.

पहिला प्रयोग आठवडी बाजाराच्या दिवशी, जिनिंगच्या फाटकासमोर झाला. मॅडमनी एक लाल भोपळा घेतला. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात. चांगलं माणसाच्या डोक्याएवढं. त्याला दादाचाच दुपट्टा बांधला आणि एका पोराकडून ते दादाच्या जागेवर ठेवून घेतलं. दादा मोठ्या आनंदानं ड्रायव्हरच्या जागी बसला. बाजारातली निम्मी गर्दी जमली. गाडी निघाली, मॅडमनी हात वर केला, दादानं करकचून ब्रेक मारला, आणि दुपट्टा बांधलेलं कोहळं टपावरून उडून रस्त्यावर असं फुटलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मॅडमच्या चेहऱ्यावर विजय उमटायला सुरुवात झाली होती.

दादा खाली उतरला. फुटलेल्या कोहळ्याभोवती एक चक्कर मारली आणि बहिणीला म्हणाला, "विशू, याले हात कुठं हायेत? मी तं धरून बसतो."

बाजार खो-खो हसला. एका म्हातारीनं चांगल्या चांगल्या फोडी निवडून भाजीला नेल्या.

दुसरी कोणी बाई असती तर भावाशी आठवडाभर बोलली नसती. मॅडम सकाळी स्टाफरूममध्ये आल्या, वर पाहून बसल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "दादाचं बरोबर हाय सर. कोहळ्याले हात नव्हते. प्रयोगच चुकला." मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. पण मग त्या माझ्या हातांकडे बघू लागल्या आणि कौतुक आटोपलं.

दुसरा प्रयोग शाळेच्या मैदानात झाला. विटा वाहायची हातगाडी, तिच्यावर कापूस भरलेलं पोतं, पोत्याचं तोंड उघडं, पोत्यावर मी. "सर, दोन्ही हातांनी कापूस घट्ट धरा," मॅडम म्हणाल्या. "दादा धरते तसा." खाली त्यांनी आधीच सतरंज्यांचा ढीग टाकून ठेवला होता, त्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरांनी गाडी ढकलली, इतक्या उत्साहानं की व्याकरणाचे सगळे तास वसूल केले, आणि विटेला चाक अडवून थांबवली. मी सतरंज्यांवर पालथा पडलो. माझ्या दोन्ही मुठींत कापूस तसाच होता.

"पाहा!" मॅडम पोरांना म्हणाल्या. "सरांनी सोडलं नाही. शेवटपर्यंत धरून होते. आपण कापसाले धरतो. पण कापूस कोणाले धरते?"

हा मुद्दा बिनतोड होता. मराठीच्या मास्तरालासुद्धा तो तोंडावर पडल्याशिवाय सुचला नसता. संध्याकाळी तो दादाच्या कानावर गेला. दादानं माझ्याबद्दल आस्थेनं चौकशी केली आणि म्हणाला, "सर मास्तर मानूस. मास्तरच्या हातात काय दम राहते!"

त्या दिवशी मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडून तशाच बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "सर, तो म्हणते वामन पडला म्हणजे वामनचं नशीब. कोहळं पडलं म्हणजे त्याले हात नाही. तुमी पडले तं तुमी मास्तर. म्हणजे याले पटाले एकच जण पडाले पाहिजे सर. अन् तो पडला तं पटून मले काय करायचं हाय?" डबा तसाच बंद केला.

मग तो दिवस आला. दादा भरलेली गाडी घेऊन जिनिंगला निघाला होता. मॅडम घरी डबा विसरल्या होत्या, तो द्यायला शाळेच्या फाटकाशी थांबला. वरून उतरला, डबा माझ्या हाती दिला. मॅडम आल्या. डबा घेतला नाही. गाडीच्या मागे गेल्या आणि आम्हाला काय चाललंय ते कळायच्या आत दोराला धरून वर चढू लागल्या. स्टुलावर न चढणारी बाई. ओढणी बांबूत अडकली, चप्पल एक खाली पडली, पण त्या चढत गेल्या आणि दादाच्या जागेवर जाऊन बसल्या. डोळे घट्ट मिटलेले.

"विशू! हे काय करून राह्यली? उतर!"

"काहून?" वरून आवाज आला. पातळ, कापरा. "कापूसच तं हाय. गादीवर बसल्यासारखं वाटून राह्यलं. गाडी काढा."

"अवं, मले सवय हाय. तुले कुठं हाय सवय!"

"सवय खाली पडताना आपल्या संगं राहत नाही दादा. वरच राहते. काढा गाडी!"

ड्रायव्हर भांबावला होता. शिक्षिकेनं हुकूम दिला म्हणजे गाडी काढायची, एवढंच त्याला शाळेत शिकवलं असावं. त्यानं गाडी काढली. फाटकासमोर एक खड्डा आहे. त्यात पुढचं चाक उतरलं आणि कापसाचा तो प्रचंड ढीग एका बाजूला झुकला, थांबला आणि सावकाश दुसऱ्या बाजूला झुकला.

मिलिंददादानं आयुष्यभर ही गाडी वरून पाहिली होती. वरून ढीग झुलताना पाळण्यात बसल्यासारखं वाटत असेल. खालून, आपलं माणूस वर असताना, तो कसा दिसतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तो धावत सुटला. दोन्ही हात पसरून, मान वर करून, ढीग इकडे झुकला की इकडे आणि तिकडे झुकला की गाडीला वळसा घालून तिकडे. जणू ताशी चौतीसनं येणाऱ्या बहिणीला तो झेलणारच होता. तोंडानं ड्रायव्हरला अशा शिव्या देत होता की मी आजूबाजूच्या पोरांचे कान कसे झाकावे या विचारात पडलो.

गाडी थांबली. दादा रडत होता. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"उतर माय," तो म्हणाला. "मी नाही बसत वर. तुह्या पाया पडतो, उतर."

आता खरी पंचाईत झाली. मॅडमना उतरता येईना. चढताना रागानं हात दिला होता, तो राग दादा रडताच ओसरला होता आणि उरली होती नुसती उंची. शिडी मागवू, दोर टाकू, मी चढतो, असे सगळे सल्ले आम्ही दिले. वरून मिटल्या डोळ्यांनी एकच उत्तर: "आधी खाली कापूस टाका."

आणि मिलिंददादानं टाकला. दुसरा मार्गच नव्हता. दोर सैल केले, मागचं टाट सोडलं आणि सकाळपासून पायानं दाबून दाबून भरलेला कापूस दोन्ही हातांनी ओढून रस्त्यावर लोटू लागला. आम्ही सगळे लागलो. ढीग खाली वाढत गेला, वर कमी होत गेला. शेवटी मॅडम डोळे न उघडता घसरत आल्या आणि कापसात मानेपर्यंत बुडाल्या. वेणीत कापूस, भुवयांवर कापूस. डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाल्या? "पाहिलं? कापूस जमिनीवर होता म्हणून."

त्या दिवसापासून दादा ड्रायव्हरच्या शेजारी बसू लागला आणि गाडी तारेच्या खालून जाईल एवढीच भरू लागला. बाकीचे गाडीवाले त्याला हसायचे. तो म्हणायचा, "हसा बाप्पा. तुमची बहीण शाळेत नाही शिकवत."

दोन वर्षांमागे संस्थेनं मॅडमची बदली बाभुळगावच्या शाळेत केली. सामान दादाच्याच मेटॅडोरमधून गेलं. कपाट, पलंग, पुस्तकांची खोकी, आणि सगळ्यात वर गाद्या. गाद्या उडू नयेत म्हणून दादा सवयीनं वर चढून बसला. मॅडमनी नुसतं वर पाहिलं आणि ओढणी कंबरेला खोचू लागल्या. दादा ज्या वेगानं खाली आला तो मोजायला हवा होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू? मले तिचं फिजिक्स अजून नाही पटलं. पण मी वर बसलो तं हे चढते मागून. तिचा काही भरोसा नाही."

मला वाटलं, झालं. बाई जिंकली, गोष्ट संपली. मी इतकी वर्षं गोष्टी शिकवतो, पण कोणती कुठं संपते हे मला अजून कळत नाही.

मागच्या हंगामात एका संध्याकाळी, प्रयोगशाळेतल्या एका कपाटाची किल्ली सापडेना म्हणून मी मॅडमना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. हॅलो नाही, नमस्कार नाही. पलीकडून इतका बारीक आवाज आला की मी तो ओळखलाच नाही.

"दादाले काय झालं?"

"काही नाही, काही नाही मॅडम," मी घाईघाईनं म्हणालो. "किल्ली..."

मग त्या म्हणाल्या, "तिसऱ्या खणात हाय सर," आणि हसल्या. मी हसलो नाही. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, दादा कुठं बसला हे दिसत नसताना, दारव्ह्याहून फोन वाजला की ही बाई दर वेळी त्या ढिगावरून खाली पडत होती, आणि तिच्याखाली काहीच अंथरलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून गाड्यांच्या दिवसांत मी शाळा सुटल्यावर फाटकाशी जरा रेंगाळतो. दादाची गाडी जाते. तो ड्रायव्हरच्या बाजूला बसलेला असतो. मला बघून खिडकीतून डोकं काढतो आणि ओरडतो, "सर, सांगा तिले, बसलो खाली!" मग मी फोन लावतो, आणि त्यांना तोंड उघडू न देता आधी म्हणतो, "मॅडम, दादा खाली आहे. आत्ताच गेला."

"बरं," त्या म्हणतात. "उद्या बी लावजा."